चार्जिंग होतंय, पण कॉम्प्युटरला फोन दिसत नाही: उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगवर मशीनिंग करणारं एक छोटं वर्कशॉप. दोन सीएनसी (संगणकाने चालणारे) लेथ, एक व्हीएमसी (उभं मशीनिंग सेंटर), एक जुनं रेडियल ड्रिल, मागच्या बाजूला पत्र्याच्या पार्टिशनचं ऑफिस. माल चाकणच्या एका ग्राहकाकडे जातो. रिजेक्ट झालेल्या प्रत्येक नगाचा फोटो काढायचा आणि शंकास्पद नगाचा व्हिडिओही घ्यायचा, अशी ग्राहकाची अट आहे. ब्लोहोल (ओतकामात राहिलेली हवेची पोकळी) असो, वाळू अडकलेली असो, बोअर (आतलं भोक) मापाबाहेर गेलेला असो, काम क्वालिटी सुपरवायझरचं.

त्यासाठी कंपनीने एक मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन दिला होता. वय दोन वर्षं, सी-टाइप पोर्ट, मेमरी कार्डाला जागा नाही. पाच महिन्यांचे ४,२१२ फोटो आणि १६० व्हिडिओ मिळून साधारण ३१ जीबी माल त्या एका फोनमध्ये होता. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ग्राहकाशी झालेल्या गोपनीयतेच्या करारामुळे फोटो क्लाउडवर चढवायला बंदी, म्हणून बॅकअप मुद्दाम बंद ठेवलेला. दर महिन्याला केबलने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फोटो उतरवायचे असं ठरलं होतं. पहिल्याच महिन्यापासून ते मागे पडलं.

फोन दिवसभर असतो कुठे, हेही सांगायला हवं. मशीनशेजारच्या टेबलावर, नाहीतर शर्टाच्या खिशात. बीड बहुतेक ठिकाणी कोरडंच कापतात. त्यातल्या ग्रॅफाइटमुळे स्टीलसारखे लांब वळसे निघत नाहीत, बारीक काळा चुरा पडतो. भंगारवाले त्याला बोरिंग म्हणतात. हा चुरा हवेत उडतो, हाताला लागतो, आणि लोखंडाचा असल्यामुळे चुंबकाला चिकटतो. फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंग पोर्टच्या अगदी शेजारी स्पीकर असतो, आणि स्पीकरमध्ये चुंबक असतं. उद्यमनगर काय, शिरोली काय, अशा शॉपमधला कुठलाही फोन उलटा करून पाहा, स्पीकरच्या जाळीवर काळी लव उभी राहिलेली दिसेल.

अडचण

जुलैतला गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच. ग्राहकाचा ईमेल आला: ऑडिटर उद्या दुपारी दोनला येणार, पाच महिन्यांच्या रिजेक्शनचे फोटो तारखेप्रमाणे लावून ठेवा. सुपरवायझरने फोन ऑफिसच्या डेस्कटॉपला लावला. फोनवर चार्जिंगचं चिन्ह आलं. कॉम्प्युटर मात्र गप्प. आवाज नाही, खिडकी उघडली नाही, ‘धिस पीसी’मध्ये नवीन काही दिसेना.

अकाउंट्स बघणाऱ्या मुलाने पहिल्यांदा केबलवर संशय घेतला. सुपरवायझरचं उत्तर: “चार्जिंग तर व्हायलंय की, मग केबल खराब कशी?”

अशा बहुतेक प्रकरणांचा घोळ या एका वाक्यात सुरू होतो. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि पांढरी-हिरवी ही डेटाची जोडी. चार्जिंगला लाल-काळी पुरते. पॉवर बँक, ट्रिमर, स्वस्त स्पीकर यांच्यासोबत येणाऱ्या कित्येक केबलींत पांढरी-हिरवी घातलेलीच नसते. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. इथे लावलेली केबल पॉवर बँकेसोबत आलेली होती.

पहिला दीड तास

इथून पुढे ऑफिसातले तिघे एकाच वेळी प्रयत्नाला लागले.

आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. मग ऑफिसातली दुसरी केबल आणली, आणि त्याच दमात ती कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावली. आता कॉम्प्युटरने ‘टिंग-टुंग’ केलं आणि कोपऱ्यात संदेश आला की यूएसबी डिव्हाइस ओळखता आलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजची जोडलेल्या उपकरणांची यादी) पिवळ्या त्रिकोणासह ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ अशी ओळ, आणि तपशिलात कोड ४३.

केबल आणि पोर्ट एकदम बदलल्यामुळे फरक कशाने पडला हे कळायची सोय राहिली नाही. तरी हा कोड मोठा धागा होता. तो वाचला गेला, पण उलटा. ‘डिव्हाइस ओळखता आलं नाही’ म्हणजे ड्रायव्हर (उपकरणाशी बोलायला विंडोजला लागणारा प्रोग्रॅम) नाही, असा अर्थ काढून तासभर ड्रायव्हरच्या मागे गेला. कुठल्याशा संकेतस्थळावरून ‘सर्व फोनसाठी ड्रायव्हर’ नावाचं पॅकेज उतरवून टाकलं. त्याने फोन जोडला नाहीच, ब्राउझरमध्ये एक नको असलेली शोधपट्टी तेवढी बसली.

ड्रायव्हरचा इथे संबंध का नव्हता, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. फोन जोडला जातो तेव्हा तो डेटाच्या डी प्लस तारेवर सुमारे ३.३ व्होल्टची ओढ देतो. कॉम्प्युटरला त्यावरून एवढंच कळतं की कोणीतरी आलं आहे. मग कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? फोनने दिलेलं उत्तर म्हणजे डिस्क्रिप्टर: बनवणारा कोण, मॉडेल कुठलं, काय काय करता येतं. ते वाचल्यावरच विंडोज ठरवतं की कुठला ड्रायव्हर लावायचा. कोड ४३ सोबत ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ आलं, याचा अर्थ दारावर टकटक ऐकू आली पण नाव ऐकू आलं नाही. गोष्ट ड्रायव्हरपर्यंत पोचलीच नव्हती. बहुतेक वेळा कारण असतं अर्धवट टेकलेला संपर्क. क्वचित कॉम्प्युटरचा यूएसबी कंट्रोलर अडकलेला असतो. कंट्रोलर अडकला असेल तर शटडाउन करून भिंतीवरचं बटण मिनिटभर बंद ठेवलं की सुटतो. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर यंत्रणा पूर्ण नव्याने उठत नाही.

सातच्या सुमाराला कोणीतरी म्हणालं, पोर्टमध्ये कचरा असेल. निदान बरोबर होतं, उपाय भलताच निघाला. फोन शॉप फ्लोअरवर नेऊन पोर्टमध्ये एअर गन मारली. कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये ६ ते ७ किलो दाब असतो, आणि पावसाळ्यात त्या हवेसोबत पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेलही येतं. थोडा चुरा उडाला, थोडा आणखी आत बसला, आणि बराचसा शेजारच्या स्पीकरच्या जाळीत घुसला. त्या दिवसापासून फोनचा आवाज बसका येतो.

पुन्हा केबल लावली, तर आता कोड ४३ सुद्धा नाही. पूर्ण शांतता. एअर गनने पोर्ट मेला, असा सगळ्यांचा समज झाला.

शेवटी ओळखीच्या मोबाइल दुकानात फोन लावला. तिथून सल्ला आला, “सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, रिसेट मारा, होऊन जाईल.” सुपरवायझरचं बोट खरोखरच फॅक्टरी रिसेटच्या पानापर्यंत पोचलं होतं. तेवढ्यात मालक आत आले आणि त्यांनी फोन हातातून काढून घेतला.

थांबून मांडलेला हिशोब

फॅक्टरी रिसेटने फोनमधले सगळे फोटो पुसले गेले असते, आणि दुसरी प्रत नव्हती. शिवाय दोष तारेत असताना रिसेटने काय साधणार होतं? दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. फोनवरून निदान करताना जो उपाय बऱ्याचदा लागू पडतो तोच सांगितला जातो, एवढंच. पण ‘आत काही महत्त्वाचं आहे का’ हा प्रश्न त्याने विचारला नाही आणि यांनीही सांगितलं नाही.

मालकांनी कॉम्प्युटरची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने आल्यावर आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: उद्या दुपारपर्यंत फोटो हवेत, आणि फोन दुरुस्त व्हायला हवा. पहिलीला घाई होती, दुसरीला नव्हती. दीड तास दोन्ही एकच समजून धावपळ चालली होती.

फोटो काढायचे पर्याय असे होते. व्हॉट्सअॅपने पाठवणं सगळ्यांना सुचलं होतं, पण फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली काढल्याची तारीख-वेळ निघून जाते. ऑडिटरला तारीखच हवी होती. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर तारीख टिकते, पण चार हजार फाइली अशा कोण निवडत बसणार? क्लाउडला करार आडवा. ब्लूटूथने ३१ जीबी पाठवायला दिवस लागले असते. ओटीजी (फोनच्या पोर्टला पेन ड्राइव्ह जोडणारा अडॅप्टर) लावून पेन ड्राइव्हवर उतरवायचं, तर तो पेन ड्राइव्हही त्याच आजारी पोर्टमध्ये जाणार.

ओटीजी तरीही एकदा लावून पाहिलं. फोटोंसाठी नव्हे, निदानासाठी. पेन ड्राइव्ह फोनला दिसला नाही. तोच पेन ड्राइव्ह डेस्कटॉपच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पोर्टांत चालला. या दोन मिनिटांत कॉम्प्युटर, विंडोज आणि ड्रायव्हर संशयितांच्या यादीतून बाहेर पडले. केबल कशीही असो, दोष फोनच्या बाजूलाही होता. हीच चाचणी साडेपाचला झाली असती तर ती शोधपट्टीही बसली नसती.

राहिला वायफायचा मार्ग. डेस्कटॉपला वायफाय नव्हतं, पण तो लॅनच्या तारेने ज्या राउटरला जोडला होता त्याच राउटरचं वायफाय फोनला मिळत होतं. म्हणजे दोघे एकाच नेटवर्कवर येऊ शकत होते, आणि फाइली ऑफिसच्या बाहेर न जाता उतरवता आल्या असत्या. करारालाही धक्का नाही.

त्या संध्याकाळी काय केलं

फोनमधल्या फाइल मॅनेजरमध्ये एफटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची, सोय होती; बऱ्याच फोनमध्ये ती ‘दूरस्थ व्यवस्थापन’ किंवा ‘पीसीवरून प्रवेश’ अशा नावाखाली असते. ती सुरू केल्यावर फोनच्या पडद्यावर एक पत्ता दिसतो, अंकांचा आणि शेवटी आणखी एक क्रमांक असलेला. डेस्कटॉपवर फाइल एक्सप्लोरर उघडायचा, वरच्या पट्टीत तो पत्ता अक्षरशः तसाच टाइप करायचा आणि एंटर. फोनमधले फोल्डर समोर येतात.

पहिल्या वेळी आले नाहीत. फोन पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर होता, आणि त्या वायफायवरच्या उपकरणांना ऑफिसचे कॉम्प्युटर दिसू नयेत अशीच राउटरची मांडणी असते. मुख्य वायफायवर आणल्यावर लगेच उघडलं.

साडेसातला कॉपी सुरू झाली. राउटर जुना, २.४ गिगाहर्ट्झचा, वेग सेकंदाला ४ ते ५ एमबी. ३१ जीबीला दोन तास धरायला हवेत असा हिशोब निघाला. अर्ध्या तासाने कॉपी तुटली, कारण पडदा बंद झाल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी फोनने फाइल मॅनेजर झोपवला होता. त्या अॅपवरचं बॅटरीचं बंधन काढलं, पडदा चालू राहण्याची वेळ वाढवली, फोन चार्जरला लावला आणि सगळं एकदम ओढण्याऐवजी महिन्याचा एकेक फोल्डर घेतला. पावणेदहाला काम संपलं.

मग मोजणी. फोनमध्ये ४,२१२ फोटो, कॉम्प्युटरवर ४,२१२. आकडे जुळले म्हणून तिथेच थांबले असते तर फसले असते. फोल्डर आकारमानाप्रमाणे लावल्यावर तळाला १३ फाइली शून्य केबीच्या निघाल्या. कॉपी तुटली तेव्हाची नुसती टरफलं. त्या पुन्हा घेतल्या. तारखांचंही पाहिलं: एक्सप्लोररच्या ‘डेट मॉडिफाइड’ रकान्यात आजचीच तारीख दिसत होती आणि सुपरवायझरच्या तोंडचं पाणी पळालं, पण ‘डेट टेकन’ हा रकाना उघडल्यावर मूळ तारखा जागच्या जागी होत्या. फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते. कॉपीने बदलते ती बाहेरची.

रात्री निघण्याआधी एक प्रत एका वेगळ्या हार्ड डिस्कवरही उतरवली.

दुसऱ्या दिवशी: दोष नेमका कुठे

शुक्रवारी सकाळी घाई नव्हती, तेव्हा तंत्रज्ञाने सुपरवायझरला साधा प्रश्न विचारला: गेल्या महिनाभरात चार्जिंगमध्ये काही वेगळं जाणवलं का?

“तसं काय न्हाई. पिन एका बाजूनं घातली की फास्ट चार्जिंग येत न्हाई, उलटी केली की येतंय.”

उत्तर महिनाभर या माणसाच्या बोटांत होतं. विचारलं कोणी नव्हतं.

सी-टाइपची पिन उलटसुलट कशीही बसते, म्हणून आपण दोन्ही बाजू सारख्याच समजतो. फोनच्या पोर्टमध्ये मधल्या पातळ जिभेवर वर १२ आणि खाली १२ असे २४ संपर्क असतात. त्यांपैकी डेटाची जोडी दोन्ही बाजूंना आहे: एका बाजूला ए-६ आणि ए-७, दुसऱ्या बाजूला बी-६ आणि बी-७. केबलच्या पिनमध्ये मात्र डेटाची जोडी एकाच बाजूला असते. पिन सुलट घातली की ती पोर्टच्या एका ओळीला टेकते, उलटी घातली की दुसऱ्या ओळीला. विजेचे आणि ग्राउंडचे संपर्क मात्र चार-चार आहेत, दोन्ही ओळींत वाटलेले. त्यामुळे दोन-तीन संपर्क खराब झाले तरी चार्जिंग चालू राहतं. आणि फास्ट चार्जिंगच्या कित्येक पद्धतींत फोन आणि चार्जर यांचं बोलणं याच डेटाच्या तारांवरून होतं. एका बाजूने फास्ट चार्जिंग येत नाही, याचा बहुधा अर्थ त्या बाजूची डेटाची जोडी गेली आहे.

आदल्या संध्याकाळचं कोडंही यानेच सुटलं. कोड ४३ आला तेव्हा पिन एका बाजूने बसली होती. एअर गन मारून परत लावताना ती नकळत उलटी बसली, म्हणून शांतता. एअर गनने पोर्ट मेला हा समज चुकीचा होता. तिचा गुन्हा स्पीकरपुरता.

आता तपासणी क्रमाने झाली, एका वेळी एकच गोष्ट बदलून. केबल तीच ठेवली, पेन ड्राइव्हने तपासलेलं मागचं पोर्ट तेच. सुलट: काही नाही. उलट: कोड ४३. तीन-तीन वेळा हेच उत्तर.

फोन बंद केला आणि टूलची धार बघायला शॉपमध्ये असतं ते दहापट भिंग पोर्टवर धरलं. आतल्या भिंतीला काळा चुरा दाबून बसला होता आणि स्पीकरच्या बाजूला केसांसारखा उभा होता. केबलची पिन पूर्ण आत जात नव्हती. धातूची कड जवळपास एक मिलिमीटर बाहेर दिसत होती, आणि बसताना येतो तो ‘टक्’ आवाज येत नव्हता. हे भिंगाशिवायही कळतं: त्याच केबलची पिन दुसऱ्या धडधाकट फोनमध्ये घालून किती आत जाते ते शेजारी ठेवून बघावं.

सफाईला लाकडी टूथपिक घेतली, तिचं टोक चाकूने चपटं केलं. सुई, टाचणी, सिमकार्डाची पिन अजिबात नको. मधली जीभ प्लॅस्टिकची असते, वाकली की संपलं. फोन तोंड खाली करून धरला, म्हणजे सुटलेला चुरा आत न जाता खाली पडतो. भिंतीच्या कडेने हळूहळू खरवडून चुरा काढला, जिभेला जोर न लावता. मग मऊ ब्रश ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून दोन्ही बाजूंनी फिरवला आणि अर्धा तास वाळू दिलं. दवाखान्यातलं पाणी मिसळलेलं स्पिरिट यासाठी नको. निघालेला चुरा पांढऱ्या कागदावर साठवला, तर तो चिमूटभर भरला. कागदाखालून चुंबक फिरवल्यावर सगळाच्या सगळा उभा राहिला.

यानंतर पिन टक् करून बसली. सुलट: अजूनही काही नाही. उलट: टिंग-टुंग, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्टेबल डिव्हाइसेस’खाली फोनचं नाव.

नाव दिसलं, खिडकी उघडली, पण आत रिकामी. इथे पुन्हा सगळ्यांचे चेहरे पडले, जरी ही सगळ्यात सोपी पायरी होती. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन कॉम्प्युटरला जोडला की आधी फक्त चार्जिंगवर राहतो. मालकाने सांगितल्याशिवाय फाइली दाखवत नाही. पडद्याचं कुलूप उघडायचं, वरून पट्टी खाली ओढायची, ‘यूएसबीद्वारे चार्ज होत आहे’ या सूचनेवर टॅप करायचं आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. ही सूचना डेटाच्या तारा जुळल्यावरच येते. ती अजिबातच येत नसेल तर सेटिंगमध्ये शोधण्यात अर्थ नाही, केबल आणि पोर्ट बघा. काही फोनमध्ये डेव्हलपर पर्यायांत यूएसबीचा मूळ मोड कायमचा बदलता येतो. इथे मुद्दाम बदलला नाही, कारण फोन शॉपमध्ये दहा हातांत फिरतो.

म्हणजे दोष एक नव्हता. दोन तारांची केबल, चुऱ्याने न बसणारी पिन, एका ओळीतले गेलेले संपर्क, आणि या सगळ्यांच्या मागे लपलेली चार्जिंग मोडची सवय. वरचा थर काढला तरी खालचा तेच लक्षण दाखवत होता, म्हणून योग्य उपाय केल्यावरही ‘याने काही झालं नाही’ असंच वाटत राहिलं.

तरी प्रत्येक थराची खूण वेगळी आहे, ती वाचता आली पाहिजे. डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून केबल लावताना यादीत काहीच हललं नाही, तर डेटाची तार कुठेतरी पूर्ण तुटलेली. अनोळखी डिव्हाइस आणि कोड ४३, तर संपर्क अर्धवट. फोनचं नाव नीट आलं पण खिडकी रिकामी, तर कुलूप किंवा मोड. फोनचं नाव आलं आणि त्याच नावावर पिवळा त्रिकोण, तर आणि तरच ड्रायव्हर: तिथे उजवं क्लिक करून डिव्हाइस काढून टाकायचं, केबल उपसून पुन्हा लावायची, विंडोज स्वतःचा ड्रायव्हर परत बसवतं.

निकाल

ऑडिट दुपारी वेळेवर झालं. फोटो आदल्या रात्रीच तारखेप्रमाणे लावलेले होते. केबल जोडली गेली ती ऑडिटसाठी कामाला आलीच नाही.

शनिवारी फोन राजारामपुरीतल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिला, या वेळी नेमकं सांगून: एका बाजूने डेटा येतो, दुसऱ्या बाजूने येत नाही, आत साफ केलेलं आहे, रिसेट करू नका. मायक्रोस्कोपखाली एका ओळीतले दोन संपर्क काळे पडून खाल्लेले दिसले. एका रात्रीत असं होत नाही. दमट हवा, लोखंडाचा चुरा आणि चार्जिंगचे ५ व्होल्ट एकत्र आले की संपर्क हळूहळू गंजतात; ही काही आठवड्यांची जखम होती.

या मॉडेलमध्ये पोर्ट मुख्य बोर्डावर नसून खालच्या छोट्या चार्जिंग बोर्डावर आहे, म्हणून अख्खा तो बोर्डच बदलता आला. खर्च ६५० रुपये, वेळ पाऊण तास. पोर्ट मुख्य बोर्डावर सोल्डर केलेला असता तर काम हॉट एअरचं (गरम हवेने सोल्डर वितळवण्याचं), खर्च जास्त आणि जोखीमही जास्त. मागचं झाकण एकदा उघडलं की कारखान्यातलं सील जातं, तेव्हा पाण्यापासून बचावाचा भरवसा यापुढे धरू नका, हे दुरुस्ती करणाऱ्याने आधीच सांगितलं. नवीन बोर्ड बसल्यावर दुकानातच लॅपटॉपला सुलट-उलट दोन्ही बाजूंनी जोडून, एक मोठा व्हिडिओ कॉपी करून पाहिला आणि मगच पैसे दिले.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णय साडेपाचचा. तारीख दुसऱ्या दिवशीची असताना दुरुस्तीच्या मागे लागण्याऐवजी वायफायने कॉपी तेव्हाच सुरू केली असती, तर साडेसातला सगळे घरी गेले असते. केबलचाच हट्ट धरायचं कारण वेग. चांगल्या स्थितीत यूएसबी २.० केबलने सेकंदाला २०-२५ एमबी मिळतात, ३१ जीबी अर्ध्या तासात जाऊ शकतं. पण न चालणाऱ्या केबलचा वेग शून्य असतो, हे घाईत लक्षात येत नाही.

दुसरा, केबल आणि पोर्ट एकदम बदलण्याचा. घाईत सगळेच असं करतात, आणि नशीब बरं असेल तर चालूनही जातं. इथे दोन्ही एकदम बदलल्यावर तिसरी गोष्ट, पिनची बाजू, तीही बदलली आणि ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. सी-टाइप केबल लावताना पिनच्या एका अंगाला मार्करने ठिपका करणं, हा पाच सेकंदांचा उपाय.

तिसरा एअर गनचा. शॉपमध्ये हात आपोआप तिकडे जातो. मारायचीच असेल तर हाताने दाबायच्या रबरी फुग्याची हवा पुरते. तंत्रज्ञाच्या पद्धतीतही एक उणीव राहिली, ती नोंदवायला हवी: गुरुवारी रात्री ओटीजी पेन ड्राइव्ह त्याने एकाच बाजूने लावून पाहिला. दुसऱ्या बाजूने लावला असता तर अर्धवट संपर्क तेव्हाच दिसला असता. ‘दोष फोनमध्ये’ हा निष्कर्ष बरोबर ठरला, पण अर्धी चाचणी करून.

चौथा, रिसेटचा, जो होता होता राहिला. मालक पाच मिनिटं उशिरा आले असते तर हे प्रकरण केबलचं न राहता पाच महिन्यांच्या हरवलेल्या नोंदींचं झालं असतं. फोन दुरुस्तीला देण्याआधी किंवा कोणाचा सल्ला ऐकण्याआधी ‘यातल्या कशाची दुसरी प्रत नाही?’ हे विचारायला हवं होतं. तो प्रश्न सात वाजेपर्यंत कोणी विचारला नव्हता.

यानंतर वर्कशॉपमध्ये तीन बदल झाले. फोनच्या पोर्टला सिलिकॉनचं बूच बसलं. ते दर दोन-तीन आठवड्यांनी हरवतं, म्हणून एकदम दहांचं पाकीट आणून ठेवलं आहे. दर शनिवारी पाचला फोटो उतरवायचे आणि शून्य केबीच्या फाइली बघायच्या, हे अकाउंट्सच्या मुलाकडे सोपवलं. आणि ऑफिसच्या भिंतीवर एका खिळ्याला चार तारांची एक केबल टांगली आहे, दोन्ही टोकांना पांढरी टेप गुंडाळलेली. पॉवर बँकेची जुनी केबल सुपरवायझरने फेकू दिली नाही. ती चार्जरलाच असते. तिच्यावर लाल टेप आहे आणि टेपवर बॉलपेनने लिहिलंय: ‘फक्त चार्जिंग’.